ती तार कोणी अडवली होती? कोकणच्या आमदार-खासदारांना खुले पत्र

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावरून विधानसभेत, विधान परिषदेत आणि संसदेत गेलेल्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

स. न. वि. वि.

मी निवृत्त तारमास्तर आहे. राजापूर तालुक्यात, खाडीच्या काठच्या गावात राहतो. कट्ट-कडकट्ट करणाऱ्या यंत्रापासून टेलिप्रिंटरपर्यंत सगळं हाताळलं. जुलै 2013 मध्ये तारसेवा कायमची बंद झाली, त्याआधीच मी घरी बसलो होतो. निम्मं घर मुंबईत आणि निम्मं गावात अशा काळात तार म्हणजे काय होती, ते तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. मनीऑर्डर आली की घर हसायचं. तारवाला वाडीत शिरला की पाकीट फोडायच्या आधीच बायका रडायला लागायच्या. ते पाकीट उघडण्याआधी आत काय आहे हे गावात एकाच माणसाला ठाऊक असायचं, आणि तो मी.

म्हणून आमच्यावर कायद्याचा पहारा होता. टेलिग्राफ कायदा 1885 चा. त्याचं कलम 26 नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच आमच्या कानावर घातलं गेलं: तारखात्याच्या माणसाने कोणाचा मजकूर बेकायदा अडवला, बदलला किंवा बाहेर सांगितला तर 3 वर्षांपर्यंत कैद. त्याच कायद्याचं कलम 5(2) सरकारला मुभा द्यायचं. सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा जनतेच्या सुरक्षेसाठी गरज असेल, तर सरकार तार अडवू शकतं, वाचू शकतं.

1975 च्या पावसाळ्यात मी 23 वर्षांचा होतो. एके दिवशी साहेबांनी आत बोलावून एक कागद दाखवला. तालुक्यातल्या चार माणसांच्या नावे येणाऱ्या तारा वाटपाआधी दाखवायच्या होत्या. त्यातले एक शाळामास्तर, सेवा दलाच्या शाखेवर मुलांना गाणी शिकवणारे. ऑगस्टमध्ये मुंबईहून त्यांच्या नावाने तार आली, 'मदर एक्स्पायर्ड स्टार्ट इमिजिएटली'. मी ती उतरवून घेतली. जिथे दाखवायची होती ते गृहस्थ दौऱ्यावर होते. तार टेबलाच्या खणात दोन रात्री पडून राहिली. पावसाचे दिवस, त्यात घाटातला रस्ता. मास्तर मुंबईला पोचले तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती.

मार्च 1977 मध्ये आणीबाणी उठली. राजापूरने मधू दंडवत्यांना पुन्हा लोकसभेत पाठवलं. ते बंगळुरूच्या आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात राहून आल्या होत्या. त्या उन्हाळ्यात एका दुपारी मास्तर माझ्या खिडकीशी आले. तारेच्या कागदावर मजकूर उतरवून घेतल्याची वेळ असते, आणि वाटपाच्या पावतीवर ती हातात दिल्याची. त्यांनी कागद जपून ठेवला होता. तो माझ्यासमोर पसरून त्यांनी एवढंच विचारलं, "मधे दोन दिवस गेलेत. कोणी अडवली होती?"

मी गप्प राहिलो. आदेश गोपनीय होता आणि मला नोकरी होती. मास्तरांना जाऊनही आता खूप वर्षं झाली, पण त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला तेव्हा कोणी बांधील नव्हतं आणि आजही नाही. हे पत्र त्यासाठी लिहितो आहे.

पाळत ठेवूच नये असं मी म्हणत नाही. किनाऱ्यावर राहणारा माणूस तसं म्हणू शकत नाही. 1993 च्या सुरुवातीला श्रीवर्धन तालुक्यात दिघी आणि शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं, आणि 12 मार्चला मुंबईत 257 माणसं गेली. 2008 चे हल्लेखोरही समुद्रातूनच आले. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरला रायफली असलेली एक बेवारस बोट लागली. ती भरकटत आल्याचं नंतर निष्पन्न झालं, पण ते कळेपर्यंत सगळ्या किनाऱ्याचा जीव टांगणीला लागला होता. पुढच्याच वर्षी दापोलीच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली. नजर हवीच. आमचे मच्छीमार ती स्वतःहून ठेवतात. सागर रक्षक दलातली मुलं रात्री-बेरात्री बंदरावर उभी राहतात, अनोळखी नौका दिसली तर पोलिसांना फोन करतात, 'सागर कवच'च्या सरावात धावपळ करतात. 26/11 नंतर खलाशांनी ओळखपत्रासाठी बोटांचे ठसे दिले, तेही कुरकुर न करता.

पण शेखाडीची गोष्ट अर्धीच सांगून चालणार नाही. त्या खटल्यात न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवलं त्यांत कस्टम्सचे अधिकारी होते, पोलीस होते. म्हणजे किनाऱ्यावर पहारा होता. पहारेकऱ्यांनी पैसे घेऊन तोंड फिरवलं. त्यांच्यावर कोणाची नजर होती, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. नंतर आपण पहारा वाढवला, यंत्रं वाढवली. पहारेकऱ्याला जाब विचारायची सोय मात्र आहे तिथेच राहिली.

आपल्या गावांत राखणदार असतो. तो वेशीवर उभा असतो, रात्रीचा वावरतो, त्याला सगळं दिसतं असं आपण मानतो. त्याची वर्षाची राखण देतो. पण गावावर अरिष्ट आलं की मानकरी देवळात जमतात, गाऱ्हाणं घालतात, कौल लावतात आणि विचारतात, तू असताना हे घडलं कसं? देवालासुद्धा आपण जाब विचारतो. मग सरकारी राखणदाराला विचारायला संकोच कसला?

9 जानेवारी 2025 पासून मत्स्यव्यवसाय विभागाने किनाऱ्यावर ड्रोनची गस्त सुरू केली. शिरगाव, उत्तन, गोराई, ससून डॉक, रेवदंडा, श्रीवर्धन, मिरकरवाडा, साखरीनाटे आणि देवगड अशी नऊ ठिकाणं. उद्देश सांगितला तो बेकायदा मासेमारी पकडण्याचा. मी त्याचं मनापासून स्वागत करतो. एलईडी दिव्यांच्या झगमगाटात आणि पर्ससीनच्या प्रचंड जाळ्यात रात्रीत टनांनी मासळी ओढली जाते, आणि साधी जाळी टाकणारे गिलनेटवाले आणि रापणकार रिकाम्या हाताने परत येतात. 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा 2021 मध्ये कडक केला, दंड लाखांत नेले, पण समुद्रात जाऊन बघणार कोण? गस्तीनौका मोजक्या. ड्रोन बघेल, चित्र काढेल, पुरावा देईल. उत्तम.

त्या नऊ नावांत साखरीनाटे वाचलं आणि मी थांबलो. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या विरोधात 18 एप्रिल 2011 ला याच गावात लोक रस्त्यावर उतरले होते. पोलिसांच्या गोळीबारात तिथला एक तरुण मच्छीमार गेला. त्या गावावर आज ड्रोन उडतो. उद्या तिथे पुन्हा सभा झाली, मोर्चा निघाला, बायका बंदरावर ठिय्या देऊन बसल्या, तर तोच ड्रोन काय करेल? समुद्राकडचा कॅमेरा जमिनीकडे वळवायला कोणाची लेखी परवानगी लागते? चित्रण किती दिवस ठेवतात, कोणाला देतात, पोलिसांनी मागितलं तर देताना नोंद होते का? एलईडीवाल्याला पकडण्यासाठी घेतलेलं यंत्र एलईडीवाल्यासाठीच वापरलं जाईल, हे कुठल्या नियमात लिहिलंय ते मला दाखवा. गैरवापर होतो आहे असा माझा आरोप नाही. तो होत असला किंवा नसला तरी तुम्हाला आणि मला कळायची वाट नाही, ही माझी तक्रार आहे.

सिंधुदुर्गाचंही तेच. 1 मे 2025 ला तो जिल्हा कृत्रिम बुद्धिमत्तेवर प्रशासन चालवणारा देशातला पहिला जिल्हा म्हणून जाहीर झाला. सोबतीला मार्व्हल ही राज्य सरकारची कंपनी आहे, जी 2024 मध्ये मुळात पोलिसांच्या कामासाठी उभी केली गेली. दाखले लवकर मिळोत, फायली हलोत, आनंदच आहे. पण गुन्हे शोधायला जन्मलेली कंपनी जेव्हा तहसील, आरोग्य आणि वाहतुकीची माहिती एका छताखाली हाताळते, तेव्हा दोन्हींमध्ये भिंत कुठे आहे, हे कोणीतरी विचारायला हवं. जिल्ह्याचं कौतुक करणारी भाषणं मी ऐकली. हा प्रश्न एकाही भाषणात ऐकला नाही.

आता माझ्या शेजारच्या वाडीतली हकिगत सांगतो. एप्रिल 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं. मनाई आदेश लागले, पोलिसांच्या गाड्यांची रांग लागली, उन्हाने तापलेल्या कातळावर बायका आडव्या पडल्या, अश्रुधूर सोडला गेला. त्या गर्दीत आमच्या ओळखीची एक मुलगी होती. बी.एड. झालेली, काजूच्या कारखान्यात हिशेब लिहिणारी. पुढे काही दिवसांनी तिला चौकीवर बोलावलं आणि तिच्या हातात नोटीस दिली. तिथे एका अधिकाऱ्याने तिला तिच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज वाचून दाखवला. ग्रुप सतरा जणींचा. मेसेजात काय होतं? उद्या पाण्याच्या बाटल्या आणि ओले पंचे जास्त आणा.

ती रात्री माझ्या ओसरीवर आली. "मास्तरांनू, ह्यो मेसेज तेंका गावलो कसो?" ती घाबरलेली होती, पण भीतीपेक्षा तिला एक वेगळीच गोष्ट खात होती. त्या सतरा जणींपैकी कोणी दाखवला, की फोनमधूनच गेला? तिने दुसऱ्या दिवशी तो ग्रुप मोडला. त्या बायका आता एकमेकींशी जपून बोलतात. मेसेज कसा गेला हे मला माहीत नाही. कोणीतरी सहज दाखवला असेल, आणि त्यात बेकायदा काही नसेलही. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला ती कुठल्या दारात जाईल, ते मला सांगता आलं नाही. दुसऱ्यांदा मी गप्प राहिलो.

कायदा काय म्हणतो ते तुमच्यासाठी लिहितो, कारण कायदे तुम्ही करता. 18 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेच्या खटल्यात सांगितलं की फोन ऐकणं हा खासगीपणावर गंभीर घाला आहे, आणि तो मन मानेल तसा घालता येणार नाही. आदेश गृहसचिवांचा हवा, मुदत दोन महिन्यांची, वाढवून सहा महिन्यांच्या वर नाही, आणि वर एक पुनर्विलोकन समिती. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आणीबाणीत ज्या निकालाने माणसाच्या जीविताचा हक्कसुद्धा सरकारच्या मर्जीवर सोडला होता, तो 1976 चा निकाल त्याच वेळी पुसला गेला. त्या दिवशी मला मास्तरांची फार आठवण झाली.

1885 चा कायदा जाऊन आता 2023 चा दूरसंचार कायदा आला, डिसेंबर 2024 मध्ये त्याखालचे नवे नियम आले. यंत्रं बदलली, शब्द बदलले, सांगाडा तोच. राज्याच्या पुनर्विलोकन समितीत तीन जण असतात: मुख्य सचिव, विधी खात्याचे सचिव आणि गृहखात्याबाहेरचा आणखी एक सचिव. तिघेही सरकारचे. न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा सदस्य नाही, तुमच्यापैकी कोणीही नाही. आदेश काढणारा सचिव, तपासणारे सचिव. ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवायची तरतूद नाही, आणि गरज नसलेले कागद दर सहा महिन्यांनी नष्ट करायचे. माझ्या मास्तरांच्या हातात निदान एक कागद होता. त्यावर वेळ होती, शिक्का होता, दोन दिवसांचं अंतर डोळ्यांना दिसत होतं. आज तेही नाही.

समिती काम करते का, हे आकड्यांवरून बघा. केंद्र सरकार महिन्याला 7,500 ते 9,000 फोन ऐकण्याचे आदेश काढतं, असं माहिती अधिकारातल्या उत्तरातून बाहेर आलं होतं. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने 2018 च्या अहवालात त्यावरच बोट ठेवलं: समिती दोन महिन्यांतून एकदा बसते, म्हणजे एका बैठकीत 15,000 ते 18,000 आदेश. मी हिशेबाचा माणूस. एका आदेशाला एकच मिनिट दिलं तरी 15,000 मिनिटं, म्हणजे 250 तास. रोज आठ तास बसले तर महिनाभर दुसरं काही नाही. मुख्य सचिवांच्या दर्जाची माणसं असं बसत असतील, हे तुम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकाल का? हा केंद्राचा आकडा झाला. महाराष्ट्राचा आकडा मी कुठल्याही सभागृहात सांगितलेला ऐकलेला नाही.

न्यायालयात जाता येतं, असं तुम्ही म्हणाल. येतं. ऑक्टोबर 2019 मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाच्या फोनचे तीन आदेश रद्द केले आणि त्याचं रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं, कारण लाचेच्या त्या प्रकरणात ना सार्वजनिक आणीबाणी होती ना जनतेच्या सुरक्षेला धोका. पण त्या गृहस्थाला कळलं ते खटला उभा राहिला म्हणून. ज्याच्यावर खटलाच होत नाही, ज्याचं फक्त ऐकलं जातं, तो कशाच्या आधारावर न्यायालयात जाणार? पेगॅसस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने स्वतः समिती नेमली होती. 29 फोन तपासले, त्यातल्या पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगॅससच होतं असं ठामपणे सांगता आलं नाही. आणि केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही असं समितीचं म्हणणं असल्याचं ऑगस्ट 2022 मध्ये सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीला जिथे उत्तर मिळत नाही, तिथे काजूच्या कारखान्यातल्या मुलीला कोण देणार? माहिती अधिकाराचा दरवाजा होता, तोही 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने आणखी अरुंद केला.

म्हणून शेवटी उरता तुम्ही. सरकारला प्रश्न विचारण्यासाठीच आम्ही तुम्हाला तिथे बसवलंय, तुम्ही सत्तेच्या बाकावर बसा की समोरच्या. 1988 मध्ये शेजारच्या कर्नाटकात फोन चोरून ऐकल्याचं प्रकरण निघालं आणि मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी राजीनामा दिला. चांगला कारभार करणारा म्हणून नावाजलेला माणूस, पण खुर्ची सोडावी लागली, कारण सभागृहात आणि बाहेर प्रश्न थांबले नाहीत. आपल्याकडेही राजकीय नेत्यांचे फोन खोट्या नावांनी ऐकल्याच्या आरोपावरून 2022 मध्ये गुन्हे दाखल झाले, 2023 मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. गुन्हा होता की नव्हता हा न्यायालयाचा विषय, तो संपला. पण ज्या पद्धतीत असा आरोप उभा राहू शकतो ती पद्धत बदलावी, म्हणून नंतर कोणत्या पक्षाने काय केलं? ज्यांचे फोन ऐकल्याचं म्हणत होते तेसुद्धा सत्तेत आल्यावर गप्प झाले. मला याचं फार वाईट वाटतं. विरोधात असताना पाळत हा अत्याचार, आणि सत्तेत आलं की राज्यकारभार, असं कसं होतं?

जुलै 2025 मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आलं. संघटनेला बेकायदा ठरवण्याचे एवढे मोठे अधिकार सरकारच्या हाती देणारा कायदा, आणि तो आवाजी मतदानाने संमत झाला. सभागृहात त्याला थेट विरोध नोंदवला तो डहाणूच्या विनोद निकोले यांनी. त्यांचा पक्ष माझा नाही, कधी नव्हता. पण आपल्या कोकण विभागातला एक आमदार उभा राहिला, याचा मला अभिमान वाटतो. बाकीच्यांना मी विचारतो, ते कलम न् कलम तुम्ही वाचलं होतं का?

मोठं काही मागत नाही. तुमच्या हातात आयुधं आहेत. येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न टाका: गेल्या वर्षी महाराष्ट्रात फोन आणि मेसेज ऐकण्या-वाचण्याचे किती आदेश निघाले, तातडीच्या नावाखाली गृहसचिवांच्या आधी पोलीस अधिकाऱ्यानेच काढलेले किती, पुनर्विलोकन समिती किती वेळा बसली आणि तिने किती आदेश चुकीचे ठरवले. नावं नकोत, नंबर नकोत, चालू तपास उघड करू नका. नुसते आकडे. शून्य आदेश चुकीचे ठरले असं उत्तर आलं, तर त्यातूनही पुष्कळ कळेल. ड्रोनसाठी लक्षवेधी लावा आणि मंत्र्यांकडून लेखी नियमावली मागा, ती मराठीत असावी आणि मिरकरवाड्याच्या, साखरीनाट्याच्या, देवगडच्या मच्छीमार सोसायटीच्या फलकावर लागावी. ज्यांना हिंमत असेल त्यांनी अशासकीय विधेयक आणावं: पुनर्विलोकन समितीत निवृत्त न्यायाधीश आणि विरोधी पक्षाचा एक सदस्य असावा, आणि पाळत संपल्यावर, तपासाला धोका नसेल तेव्हा, त्या माणसाला कळवावं. केंद्राचा विषय आहे असं सांगून हात झटकू नका. खासदारही या पत्राचे मानकरी आहेत, त्यांनी तेच दिल्लीत मागावं.

लोक बोलले की सरकार ऐकतं, हे अलीकडेच दिसलंय. नोव्हेंबर 2025 अखेर प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये संचार साथी ॲप घालूनच विकायचा आदेश निघाला, ओरड झाली, आणि 3 डिसेंबरला सक्ती मागे घेतली.

त्या मुलीला मी म्हटलंय की आमदारांना लिहितो. ती हसली नाही, नाही म्हणाली नाही, फक्त विचारलं, त्यांनी उत्तर दिलं तर मला कळवाल ना? मास्तरांच्या वेळी मी 25 वर्षांचा होतो आणि घाबरलो. आता घाबरण्यासारखं काही उरलेलं नाही. मात्र तुमचं उत्तर मला पत्राने पाठवू नका. ते सभागृहाच्या पटलावर ठेवा.

आपला,
एक निवृत्त तारमास्तर
ता. राजापूर, जि. रत्नागिरी